देवघरामागचा पाईप

भिंगारला आम्ही राहायला गेलो ते लढाईच्या वर्षांत. लष्कराच्या कचेऱ्यांत भराभर माणसं घेत होते, वडीलही त्यातच कारकून म्हणून लागले. जागा मिळेना, म्हणून बाजारातल्या एका दुमजली घराचा खालचा मजला पत्करला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून बिडाचा एक जाडजूड पाईप छतापासून जमिनीपर्यंत उतरत होता. वरच्या बिऱ्हाडाच्या मोरीचं पाणी त्यातून जाई. वर कोणी चूळ भरली तरी खाली आम्हाला कळायचं. आई सोवळ्यात स्वयंपाक करायची आणि पाईप घळघळला की तोंड फिरवायची. तोंड फिरवून पाईप थोडाच जाणार होता.

आधी आधी मला आणि ताईला याचं हसू यायचं. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, विशी ओलांडलेली, लग्नाची. एकदा तिला बघायला आलेल्या मुलाच्या आईने स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "हे कुणाचं पाणी?" आणि हातातली पोह्यांची बशी तशीच खाली ठेवली. नकार आला. खरं कारण तेच होतं की दुसरं, देव जाणे. पण पाईप झाकल्याशिवाय ताईचं लग्न होत नाही, असं वडिलांनी मनात घेतलं आणि त्यानंतर घरात कोणी हसलं नाही.

वडिलांनी मिस्त्री बोलावला. त्याने पाईपावर बोटं वाजवून पाहिली. म्हणाला, "मालक, हितं मधी सांदा हाय. त्यो भितीत गाडू नगा. फळ्यांची चौकट करू, पायपापून बोटभर लांब, आन् सांद्यापाशी येक बारकं दार ठिवू. कवा गळलं तर उघडून बघता यील."

"दार दिसलं की माणूस विचारणारच, आत काय आहे," वडील म्हणाले.

मिस्त्रीने दोनदा समजावलं. वडील हट्टाला पेटले की समोरच्याचं काही ऐकत नसत. शेवटी विटा लागल्या, वर चुन्याचा गिलावा झाला, सफेदी झाली. मग वडिलांनी त्यांच्या मते मोठीच अक्कल लढवली. देवघर उचलून त्या नव्या भिंतीला टेकवलं. देवामागे हात घालून कोण बघतं? सोवळ्याशिवाय तिथे कोणी शिवायचंही नाही.

"वरच्यांचं खरकटं पाणी देवाच्या पाठीशी?" आईने विचारलं.

"दिसत नाही ना," वडील म्हणाले. आईने समई उचलून नव्या जागी ठेवली. ताईचं वय तिलाही दिसत होतं.

महिन्याभरात भिंतीला ओल आली. वडील सकाळी स्नान करून, सोवळं नेसून त्या डागावर चुन्याचा हात मारायचे आणि मग पूजेला बसायचे. संध्याकाळी डाग परत वर यायचा. भिंत फोडायची तर देव हलवायचे, मिस्त्रीसमोर मान खाली घालायची, आणि ताईला बघायला येणारी श्रीगोंद्याची मंडळी तर आठ दिवसांवर आलेली. भिंत तशीच राहिली. वास येऊ नये म्हणून आई दोनाच्या जागी चार उदबत्त्या लावू लागली.

श्रीगोंद्याचा मुलगा शाळेत मास्तर होता. पत्रिका जुळली होती. त्याने ताईला एवढंच विचारलं, की वाचायला काय आवडतं. ती म्हणाली, "मिळेल ते. पुड्याचा कागदसुद्धा." तो मोकळेपणाने हसला. दाराआडून मी ताईकडे पाहत होते. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ताईने आजवर काही मागितलं नव्हतं. हे मात्र तिला हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं.

मुलाची आत्या पाय धुऊन देवाला नमस्कार करायला आत आली, तिच्यामागून आई आणि ताई. उठताना, म्हातारी माणसं टेकतात तसा तिने भिंतीला हात टेकला. गिलाव्याचा ओला पोपडा तिच्या हातात आला. नेमकी तेव्हाच वर कोणीतरी बादली ओतली.

"मागे काय आहे गं?" तिने ताईला विचारलं.

"पावसाची ओल धरते जरा," आई मध्येच म्हणाली. बाहेर वैशाखाचं ऊन होतं.

ताईने आईकडे पाहिलं, मग आत्याकडे. "वरच्यांच्या मोरीचा पाईप आहे. आम्ही झाकलाय."

आत्याने तीन वेळा हात धुतले आणि आमच्या घरचं पाणीही घेतलं नाही. आठवड्याने पत्र आलं, योग दिसत नाही. ताईनेच तोंड आवरायला हवं होतं, असं वडील म्हणाले. या बोलण्याचा मला त्यांच्यावर जो राग आला तो अजून गेलेला नाही. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मीही ताईवर चिडले होते. कुणासाठी एवढं खरं बोलायचं?

वडिलांनी भिंत स्वतःच्या हाताने फोडली. बोलावणं गेल्यावर मिस्त्री आला. त्याने एका शब्दाने टोचलं नाही. सांधा पक्का केला, फळ्यांची चौकट बसवली, तिला बारकं दार ठेवलं. नंतर थेंबभर पाणी गळलं नाही. ताईला बघायला मात्र त्यानंतर कोणी आलं नाही.

दोन वर्षांनी मला बघायला मंडळी आली. थोरली बिनलग्नाची घरात असताना धाकटी कशी दाखवता, असं कोणी विचारलं तर? म्हणून ताई मामाकडे गेली आहे असं सांगायचं ठरलं. कोणी आत जायला नको म्हणून देव आदल्या दिवशीच बाहेरच्या खोलीत आणले. ताईनेच पोहे केले, खोबरं घालून बशा भरल्या, आणि माझ्या पदराची चूण नीट केली. मी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. ती आतून हळूच म्हणाली, "कडी लाव, नाहीतर ते उघडतं." मी कडी लावली आणि बशा घेऊन बाहेर गेले.