अक्का आली की आत्याबाई हसायच्या

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. आम्ही आखाडा बाळापूरला राहायचो. आमच्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, रस्त्याकडेला सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, न्हाणीत घसरून पडल्या आणि कंबर गेली ती कायमचीच. त्यांचं सगळं खाटेवर. उचलणं, पुसणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर वळवणं, घाण कपडे धुणं, हे सगळं माझ्याकडे. तीन वर्षांत मी माहेरी गेले नव्हते.

भिंतीला भिंत लागून एक बाई राहायची. मी तिला अक्का म्हणायची. तिची आई वारली तेव्हा तिला वेळेत पोचता आलं नव्हतं. एक दिवस ती आपणहून म्हणाली, "दुपारचं मी बसत जाईन आत्याजवळ. तू जराशी पाठ टेक."

मला बरं वाटलं, पण आठ दिवसच. अक्का यायची, आत्याबाईंची वेणी घालायची, त्यांना ज्वारीच्या कण्या भरवायची. आणि आत्याबाई हसायच्या! माझ्यासमोर त्या कधी हसल्या नव्हत्या. माझ्या हातच्या कण्या त्यांना कधी खारट लागायच्या, कधी पातळ. त्याच चुलीवरच्या, मीच शिजवलेल्या कण्या अक्कानं भरवल्या की म्हणायच्या, "तुह्या हाताला चव हाय, माय."

मी आत पडून ते ऐकायची. झोप कसली येते? घाण मी काढायची आणि माय ती.

एका दुपारी मी तिला दारातच गाठलं. "अक्का, आत्याबाईच म्हणत्यात, रोज रोज नका येऊ."

तिचा चेहरा उतरला. "बराबर हाय," एवढंच बोलली आणि परत गेली.

आत्याबाई दाराकडे बघत राहिल्या. "काहून आली न्हाई वं ती?"

"पुसेगावला गेल्यात, भावाकडं."

पंधरा दिवस त्या रोज विचारत होत्या आणि मी रोज तेच सांगत होते. भिंतीपलीकडे अक्काच्या भांड्यांचा आवाज व्हायचा. आत्याबाईंना कमी ऐकू यायचं, हे माझं नशीब.

मग मला हिवताप आला. मालक सामान आणायला नांदेडला गेलेले. मला उठताच येईना. आत्याबाई तशाच ओल्यात पडलेल्या. शेवटी त्याच ओरडायला लागल्या, "कोनी हाय का वं? माही सून मरून राहिली!" आपल्या ओल्या अंथरुणाबद्दल एक शब्द नाही.

अक्का धावत आली. आधी माझ्या कपाळावर हात ठेवला, मग आत्याबाईंचं सगळं केलं. मी केलं असतं तसंच, नाक न मुरडता. लुगडं बदलून घेताना आत्याबाईंनी विचारलं, "पुसेगावहून कवा आलीस?"

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी गोधडी तोंडावर ओढली.

"आजच आले, आत्या," ती म्हणाली.

तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. तिच्या या मोठेपणाचाही मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी पाट पुढे सरकवला. "बसा," म्हणाले. माफी काही मागता आली नाही. त्या उन्हाळ्यात तिच्या भरवशावर मी चार दिवस माहेरी जाऊन आले.

पुढच्या वर्षी आत्याबाई गेल्या. अक्कानं गळा काढला तो अर्ध्या गल्लीनं ऐकला. माझ्या डोळ्यांत पाणीच येईना. आलेल्या बाया तिलाच जवळ घेऊन समजावत होत्या, तिलाच पाणी देत होत्या. मी प्रेताच्या उशाशी बसले होते, आणि खरं सांगते, तेव्हाही माझा जळफळाट झाला.