बिननाव्याची आई

आमचं कुटुंब, म्हणजे माझी बायको, कल्याणजवळच्या मोहने गावात, आमच्या चाळीमागे नदीच्या काठावर उभी राहून नसलेल्या पोरांना हाका मारायची. चाळीला त्याची सवय झालेली. नवीन माणूस मात्र घाबरायचा. एकदा एक भला माणूस सायकल आडवी टाकून, धोतर खोचून पाण्यात उतरायला निघाला. तेव्हा ही त्याला म्हणाली, "नाय ओ भाऊ, पोर घरात झोपलंय. नाव कसं जातं ते बघतेय."

तो सायकल उचलून गेला. जाताना माझ्याकडे असं बघितलं, जशी काय ही बाई मीच बिघडवून ठेवलेली.

आवाज तिला देवाने भरून दिलेला. माहेर कल्याणच्या खाडीकाठचं. बाप रेतीच्या होडीवर, आणि भाकऱ्या झाल्या की काठावरून त्याला हाक मारायचं काम हिचं. वारा उलटा असला तरी बाप यायचा. नाव म्हणजे हाक, एवढं तिचं साधं म्हणणं. "लिवणारे लिवतील कागदावर," ती म्हणायची. "आधी लांबून ऐकू तर यायला पाहिजे."

दुसरी खोड अशी, की काही घेताना एकच सवाल. "नाय आवडलं तर परत घ्याल ना?" कल्याणच्या बाजारात लुगडं घेताना विचारायची, तवा घेताना विचारायची. एकदा कलिंगडवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "बाई, कापून खाल्ल्यावर परत आणणार काय?" तर म्हणे, "मग तूच आधी खाऊन दाखव." त्याने खरंच फोड कापून खाल्ली. हिने त्याचं तोंड नीट बघितलं आणि शेजारच्याकडून कलिंगड घेतलं. लग्न झालं तेव्हा स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं. त्या नव्या नवलाईत मी तिला गमतीने विचारलं, मला घेताना विचारलंस का? म्हणाली, "बाबाला विचारलेलं. बाबा बोलला, ह्यात परत नसतं."

आता माझं नाव. माझं नाव केरू. माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईने मला जन्मल्याबरोबर दारातल्या केरावर ठेवलं आणि तिथून उचलून घरात आणलं. केराला कोण नेणार, असा विचार. दगडू, धोंडू, भिकू ही सगळी त्यातलीच नावं. माजिवड्याला, आमच्या मिठागरावर, अशा नावाचं कोणाला काही वाटत नसे. पण मोहन्याला कारखाना सुरू झाला, मी तिकडे लागलो, आणि सकाळी हजेरीला केरू म्हटलं की मागून कोणीतरी म्हणायचा, "झाडू आणा रे." मी हसायचो. घरी सांगताना पण हसूनच सांगायचो. ती हसायची नाही. भाकरी थापता थापता थांबायची आणि म्हणायची, "माझ्या पोराला कोण असं बोललं तर त्याच्या तोंडात पीठ कोंबीन."

म्हणून पहिल्या पोराला तिने झोकदार नाव ठेवलं. चंद्रकांत. आई हाताने वीतभर माप दाखवून म्हणाली, "आवरंसं पोर नं आवरं मोठं नाव." पोर दात यायच्या आत तापाने गेलं. आई काही वाईट मनाने बोलली नव्हती. पण ते बोलणं हिच्या मनात बसलं ते बसलंच. त्यावर मी जास्त लिहीत नाही.

पुढे दुसरा मुलगा झाला तेव्हा ही अशी कात्रीत सापडली. चांगलं नाव ठेवावं तर नजर लागते. वाईट ठेवावं तर पोर जन्मभर लोकांचं हसणं ऐकणार. आणि एकदा कानात सांगितलं की परत घेता येत नाही.

बाराव्या दिवशी पाळणा बांधला, घुगऱ्या शिजल्या, बाया जमल्या. नाव कानात सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा. आक्का माजिवड्याहून नवं लुगडं नेसून आलेली. पाळण्यात वाकली आणि विचारलं, "काय सांगू?"

"ठरलं नाय अजून," बाळंतीण म्हणाली.

"नाय ठरलं? मंग कानात काय सांगू, भाताचा भाव?"

"सांगा, थांब म्हणावं."

आक्का पुन्हा वाकली आणि पोराच्या कानात म्हणाली, "कुर्र. थांब बाबा, तुझ्या आयशीचं ठरलं का कलवते." रीत अशी की आत्या कुर्र म्हणाली की बायांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. बाया काय नावासाठी थांबतात? त्यांनी घातले. पुढे वर्षभर आक्का भेटेल त्याला सांगायची, "नावाचा पत्ता नाय नं मी फुकट मार खाल्ला."

आईचं म्हणणं, दगडू ठेवा. नाहीतर म्हाताऱ्याचं ठेवा, म्हणजे माझ्या वारलेल्या बापाचं. ते होतं हरी. आता सून सासऱ्याचं नाव घेत नाही आणि बायको नवऱ्याचं घेत नाही. त्यामुळे ह्या दोघी रोज एका नावावरून भांडायच्या आणि ते नाव दोघींच्या तोंडात एकदाही यायचं नाही.

"त्यांचंच ठेव," आई म्हणायची.

"त्यांचं कसं ठेवू? पोर गटारात पडलं तर हाक काय मारू? आवो मामंजी, वर या?"

"मी मारीन."

"तुमी तरी घेता का त्यांचं नाव?"

आई सूप पुढे ओढायची. तांदूळ निवडायला घ्यायची. मग जरा वेळाने म्हणायची, "मंग दगडू."

कारखान्यात डोंबिवलीहून रोज येणारा एक टाइमकीपर होता. शिकलेला, भिडस्त माणूस. आमच्या दारावरून जायचा. त्याला हिने धरलं, आणि तो बिचारा दर दोन दिवसांनी नवं नाव घेऊन यायला लागला. प्रत्येक नावाची परीक्षा व्हायची. आधी नदीकाठची हाक. त्यात पास झालं की राग. चुलीपुढे उभी राहून ती रिकाम्या कोपऱ्याला त्या नावाने झापायची. मग मला हजेरी घ्यायला लावायची. मी भिंतीला टेकून नाव पुकारायचो आणि मागून काय टिंगल होईल ती पण मीच शोधून सांगायची. ह्यात मी पक्का होतो, अनुभव होता. आणि शेवटी म्हातारपण. डोळे मिटून म्हणायची, "मनोहर आजोबा काठी टेकत आले," आणि आजोबा दिसतात का ते बघायची.

टाइमकीपरने विश्वंभर आणलं. ही नदीवर जाऊन आली आणि म्हणाली, "हाक संपेपर्यंत पोर बुडून वर आलेलं असंल."

"वहिनी, विश्वंभर म्हणजे जगाला पोसणारा."

"तो जगाला पोसू दे. जेवायला कसा बोलवायचा ते सांगा."

शाम आणलं. शाम म्हणून ओरडली तर चाळींतून तिघं बाहेर आले, त्यातला एक तोंडाला साबण लावून. किशोर हाकेत पास, रागात पास, हजेरीत पास, आणि म्हातारपणात नापास. "म्हातारा किशोर मला दिसतच नाय," ती म्हणाली. टाइमकीपर मग आमचं दार टाळून लांबच्या वाटेने जायला लागला.

आमच्याकडे बाईला पोराच्या नावाने ओळखतात. अमक्याची आई, तमक्याची आई. हिला काय म्हणणार? चाळीने ठरवलं, बिननाव्याची आई. नळावर बाया तोंडावर म्हणायच्या. मला राग यायचा, हिला नाही. हंडा भरून कमरेवर घेऊन ती आपली चालायला लागायची.

एका दुपारी जेवताना मी स्पष्टच बोललो. "आता ठेव काहीतरी. पोर चालायला लागलं. कुत्र्याला पण नाव असतं."

तिने मला कालवण वाढलं. खाली बघूनच म्हणाली, "बिननाव्याला कोण हसत नाय. आन कोण नेत पण नाय. नाव असल्याबिगर बोलवणार कसं?"

मी वर्षभर समजत होतो ही नाव शोधतेय. ती पोराला लपवत होती. पुन्हा तो विषय मी काढला नाही.

मग दिवाळीच्या आधी कल्याणच्या बाजारात पोर हरवलं. मी मिरच्या घ्यायला पुढच्या गल्लीत गेलेलो. हिचा हात सुटला, गर्दी मध्ये आली, पोर नाही. ही धान्याच्या एका दुकानाच्या पायरीवर चढली आणि तोंड उघडलं. एवढा मोठा आवाज, आणि त्यात घालायला नाव नाही. "बाळ" म्हणून ओरडली. बाजारात बाळं काय कमी? सगळ्या आयांनी आपापली पोरं जवळ ओढली, एवढंच झालं. मग घरातलं जे नाव तिच्या तोंडात आलं ते तिने मारलं. "केरू!"

मी मिरच्यांच्या गल्लीत ऐकलं. लग्नापासून उखाण्याशिवाय तिने माझं नाव घेतलेलं नव्हतं. मला वाटलं आग लागली. पिशवी तिथेच टाकून पळालो. पायरीवर ती उभी, पदर सुटलेला, ओठ पांढरे पडलेले. म्हणाली, "पोर गेलं. पोराला हाकच मारता येत नाय ओ."

तेवढ्यात पलीकडून एक म्हातारा हमाल आला. डोकं पांढरंफेक, खांद्यावर आमचं पोर, पोराच्या तोंडाला गूळ.

"कोणाचं हे? कवाधरनं विचारतोय नाव काय, सांगतच नाही."

"त्याला नावच नाही," मी म्हटलं.

"एवढं मोठं झालं तरी?" म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. अशा नजरांची मला आता सवय होती.

हिने पोर ओढून घेतलं, छातीशी धरलं, त्याच्या तोंडावरचा गूळ पदराने पुसला. मग म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, तुमचं नाव काय?"

"काशिनाथ."

"पोरंबाळं?"

"आहेत की. नातवंडांना पण पोरं झाली."

"नावाला कोण हसलं कधी?"

"हसायला काय झालं?"

"दुसरं असतं तर बरं झालं असतं, असं कधी वाटलं?"

म्हातारा विचारात पडला. जन्मात कोणी विचारलं नसेल त्याला. डोक्यावरची चुंबळ काढून झटकली आणि म्हणाला, "बाई, पाठीवर पोतं असताना नाव कुठं आठवतं? कोणी हाक मारली की ओ द्यायची."

ही पुन्हा पायरीवर चढली आणि भर बाजारात ओरडली, "काशिनाथ!" म्हातारा दोन हातांच्या अंतरावरच उभा. "ओ," म्हणाला. पोर खदाखदा हसलं.

घरी येताना तिने मला समजावून सांगितलं. "पहिल्या खेपेला कोरं नाव घेतलं नं मी फसले. कोणी वापरून बघितलेलं नसतं ते. हे वापरलेलं आहे. एक माणूस ह्या नावावर म्हातारा झालेला मी डोळ्यांनी बघितला." मी म्हटलं, बरं. पिशवीभर मिरच्या गेल्या ते मी बोललो नाही.

आक्काला पुन्हा बोलावलं. तिने दारातच अट घातली. नाव सांगीन, पण धपाटे खाणार नाय, ते मागच्या खेपेला खाऊन झालेत. मग खायचे कोणी? बिननाव्याच्या आईने स्वतःची पाठ पुढे केली. चाळीतल्या बायांनी वर्षभराचं उट्टं काढलं. माझ्या आईनेही एक घातला, आणि तो बऱ्यापैकी लागला.

त्याच संध्याकाळी चाळीत काशिनाथचा काश्या झाला. ही पोरांच्या मागे लाटणं घेऊन धावली. काही उपयोग झाला नाही. मग तिने दुसरी काळजी सुरू केली, की काश्या म्हणतात त्याचं ह्याला वाईट वाटतं का. पोराला समोर बसवून विचारायची, "नाव आवडतं ना रे? खरं सांग." पोर म्हणायचं, "आये, भूक लागली." शाळेत घालताना विचारलं, कामाला लागला तेव्हा विचारलं. लग्नात तर नव्या सुनेला विचारलं, "नाव चालंल ना गो तुला? तसं तुला काय, घ्यायचं पण नाय."

काशिनाथच्या कानाजवळ पहिला पांढरा केस दिसला तेव्हा सून हिरमुसली. हिने त्या दिवशी गोड केलं. पुढे डोकं बरंच पांढरं झालं आणि काशिनाथने कलपाची बाटली आणली. ती हिने मोरीत ओतली. "मेल्या," म्हणाली, "काळे करायला पिकवलेत काय?" काशिनाथला वाटलं म्हातारी खुळावली. थोरल्या भावाचं त्याला आम्ही कधी सांगितलेलं नव्हतं.

ह्या माघात ती गेली. शेवटी आवाज पार गेलेला. पाणी पाहिजे असलं तर चमचा भांड्यावर वाजवायची. काशिनाथ उशाशी बसला की त्याच्या केसांतून हात फिरवायची आणि माझ्याकडे बघायची. मी मान हलवायचो. मग डोळे मिटायची. एवढंच आमचं बोलणं राहिलेलं.

दहाव्याला नदीवर न्हावी आला. काशिनाथ त्याच्यापुढे मांडी घालून बसला. वस्तरा फिरायला लागला आणि पांढरे केस त्याच्या गुडघ्यांवर, ओल्या मातीत पडायला लागले. न्हाव्याला पुढे आणखी एक घर होतं, तो घाईत होता. मी बाजूला उभा होतो. मी म्हटलं, "हळू कर रे बाबा. ते यायला फार वर्षं लागलीत."