साडूंचा गुडघा आणि माझा घोर

मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या माणसापेक्षा त्याच्या नातेवाइकांनाच जास्त धाप लागते, हे माझं ठाम मत आहे आणि ते मी आमच्या साडूंमुळे बनवलं आहे. इंदापूर तालुक्यात गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीनं फोनवर विचारलं, "बाबा, माझ्याबरोबर अर्धी मॅरेथॉन पळता का?" आणि या गृहस्थांनी एकवीस किलोमीटर म्हणजे किती, याचा विचारही न करता होकार देऊन टाकला. दोघांची नावं नोंदवली गेली, एकाच रंगाचे टी-शर्ट आले, आणि तीन महिने उरले असताना शेजारच्या म्हशीला औषध पाजताना तिनं त्यांच्या उजव्या गुडघ्यावर लाथ हाणली. लिगामेंट दुखावलं. मी भेटायला गेलो तर हे खाटेवर पडून म्हशीचीच बाजू घेत होते. "तिची चूक न्हाय, पावनं. मीच घाई केली. आधी दोन शब्द बोलायला पायजे हुतं तिच्याशी."

दोन महिने पाय बांधून झाल्यावर फिजिओथेरपीसाठी त्यांना बारामतीत आमच्याकडे आणलं. सोडायला आलेली मेहुणी जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "दाजी, ह्यांच्याकडं नीट बघा. पाय कायमचा गेला तर मी एकटी कुठवर उचलत बसू ह्यांना?" तेव्हापासून माझी झोप उडाली. फिजिओथेरपीच्या बाईंनी तक्ता करून दिला होता: दिवसाआड पळायचं, पहिल्या आठवड्यात तीन किलोमीटर, मग पाच, आणि सूज आली तर थांबायचं. साडू तो तक्ता अक्षरशः पाळत. पळण्याआधी आमच्या फाटकाला धरून ते इतका वेळ पाय ताणत, की फाटकाची बिजागरी आधी दुखावली. एकीकडे गुडघ्याला चुचकारणं चालू असे. ते "हो राजा, हो, झालं आता" असं म्हणाले की शेजारीण खिडकीतून पाहून घेई. मी रोज दुपारी बायकोची शिवणाची टेप घेऊन त्यांचा गुडघा मोजायचो. आणि तो वाढत होता.

पाचच किलोमीटर पळून गुडघा का सुजावा, हे मला कळेना. बाईंना कळेना. मी यूरिक ॲसिडपर्यंत शंका घेऊन चुकलो होतो. उलगडा आमच्या दूधवाल्यानं केला. तो कॅन खाली ठेवत म्हणाला, "सर, डॉक्टरांचं काय इसरलं हुतं का? सकाळी त्यास्नी गाडीवरनं फुडं सोडलं, तर वळून बघतो तं परत माघारी पळत निघाल्यालं!"

मग सगळं बाहेर आलं. इंदापूर रस्त्यावरच्या निम्म्या गावांतली गुरं साडूंच्या हाताखालून गेलेली. ड्रेसर असले तरी सगळ्यांसाठी ते 'डॉक्टर'. साठीचा ओळखीचा माणूस सकाळी लंगडत पळतोय म्हटल्यावर जो तो गाडी थांबवायचा. "काय झालं, डॉक्टर? कोण गेलं? बसा, सोडतो." साडूंना नाही म्हणवत नसे. मागं बसायचे, दोन किलोमीटर जायचे, आभार मानून उतरायचे आणि गाडी दिसेनाशी झाली की जिथं बसले होते तिथवर पळत मागं यायचे. मग तेच अंतर पुन्हा पळायचे. दोन किलोमीटरचं मन राखायला गुडघ्याला चार मोजावे लागत.

"अहो, सांगायचं ना, सराव करतोय म्हणून!" मी ओरडलो.

"एकानं तर माझ्यासाठी गाडी उलटी वळवली, पावनं. तो चालला हुता भिगवणला. त्याला काय सांगू?"

दुसऱ्या दिवसापासून मी स्कूटर घेऊन त्यांच्या मागं जाऊ लागलो. परिणाम असा झाला की लोक मला शिव्या घालू लागले. लंगडणारा माणूस पुढं पळतोय आणि धडधाकट माणूस मागनं स्कूटरवर 'हळू, हळू' ओरडतोय, हे दृश्य कुणालाच बघवेना. ऊस घेऊन चाललेला एक ट्रॅक्टरवाला तर आडवाच आला. "आवो, लाज हाय का न्हाय? म्हाताऱ्याला बसवा की गाडीवर!" मी समजावत बसलो आणि तेवढ्यात साडू अर्धा किलोमीटर पुढं निघून गेले.

शर्यतीला दहा दिवस राहिले तेव्हा बाईंनी शेवटचं सांगितलं, "रविवारी बारा पळा. सूज आली नाही तर जा. आली तर नको. हट्ट केलात तर पुढं ऑपरेशन." त्या रविवारी साडू कुणाच्या गाडीवर बसले नाहीत. हात जोडत, "सराव हाय, सराव हाय" म्हणत पूर्ण बारा पळाले. मला इतका आनंद झाला की येताना जिलबी घेतली.

दुपारी टेप लावली. एक बोट जास्त. मी टेप आवळून धरून पुन्हा मोजलं, तशी साडूंनी ती माझ्या हातातून काढून घेतली. गुडघ्यावरून हात फिरवला, दाबून पाहिलं.

"बैल असता," ते म्हणाले, "तर मालकाला सांगितलं असतं, औंदा ह्याला जुपू नका." आणि लेकीला फोन लावायला अंगणात गेले. बराच वेळ आत आले नाहीत. जिलबी तशीच राहिली.

शर्यतीच्या सकाळी आम्ही पुण्यात रस्त्याकडेला उभे होतो. साडूंनी टी-शर्ट घातला होता. विकत घेतलेला कशाला वाया घालवायचा, म्हणाले. लेक लांबून दिसली. जवळ आल्यावर तिनं वेग कमी करून हात पुढं केला, आणि साडू दोरीखालून वाकून रस्त्यावर उतरले. दहा-बारा पावलं तिच्याबरोबर पळाले. मग थांबले, आणि ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभे राहिले.

मेहुणीनं सोपवलेला पाय शाबूत होता. माझी काळजी मिटली होती, आणि मला जराही बरं वाटत नव्हतं. ते आणखी दहा पावलं पळाले असते, तरी मी त्यांना अडवलं नसतं.