हवा बदलेपर्यंत

"अजून हवा बदलतेय," असं म्हणून ती दवाखान्याच्या पायरीवर बसायची. करोनाचे दिवस. टोकावड्याच्या बाजारातला एक गाळा, आत दातांच्या डॉक्टरची खुर्ची रिकामी, बाहेर झाडाखाली सुजलेल्या गालांची रांग, आणि डॉक्टरीणबाई हाताची घडी घालून पायरीवर. आणा बरं डोळ्यांसमोर!

दात कोरायचं यंत्र फिरलं की तोंडातली थुंकी बारीक तुषारांनी खोलीभर उडते. म्हणून प्रत्येक पेशंटनंतर ती दारं-खिडक्या उघडून खोली तशीच सोडायची. स्वतःसुद्धा आत जायची नाही.

आमच्याकडे दात काढायला कुणी एकटं जात नाही. डोकं धरायला सासू, हात धरायला दीर, आणि काका उगाचच. ती सगळ्यांना झाडाखाली पिटाळायची. आधी चूळ भरायला औषध द्यायची. वैशाखरे गावच्या एका आजीनं ते सरळ गिळलं. "कडू हाय बाय, पन गुन येल." बाई मास्कच्या आत हसली आणि दुसरा पेला भरला.

रांगेत मात्र धुसफूस. रिकामी बसते नि आमाला ताटकळवते. आमच्या तोंडाला काय घाण लागलीय?

एका दुपारी गाळ्याचे मालक आले. सगळा बाजार त्यांना भाऊ म्हणतो. मास्क हनुवटीवर. नुकताच एक पेशंट बाहेर पडला होता. भाऊ रांग ओलांडून थेट आत गेले, खुर्चीत पसरले आणि आ वासला.

बाई दारातूनच म्हणाली, "भाऊ, बाहेर या. अजून हवा बदलतेय."

"गाळा माझा हाय, बाय."

"गाळा तुमचा. हवा मघाच्या पेशंटची."

रांग हसली आणि भाऊ हट्टाला पेटले. फोटो काढून घ्यायला बसावं तसे तोंड उघडं ठेवून बसून राहिले. बाई आत गेली नाही. शेवटी जबडा अवघडल्यावर उठले नि तणतणत गेले.

त्या मघाच्या पेशंटला करोना निघाला. रांगेतल्या कुणाला काही झालं नाही. बाईला नाही, आजीला नाही. भाऊंना झाला. मुरबाडला ऑक्सिजनवर होते. बरे होऊन आले आणि बाजारभर सांगत सुटले, "बायच्या दवाखान्यातून रोग आला." ज्यांनी त्यांना त्या खुर्चीत बसलेलं डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांनीही माना डोलावल्या! अजून आठवलं की माझं डोकं तापतं.

भाऊंनी तिला गाळा खाली करायला लावला. खुर्ची टेम्पोत चढवायला एक हात पुढे आला नाही. रोगाची खुर्ची ना ती! मी आणि ड्रायव्हरनं चढवली. बाई तोवर आत फरशी पुसत होती, भाऊंच्या गाळ्याची.

ती शहापूरला गेली.

परवा एसटीच्या थांब्यावर भाऊ दिसले. गाल टम्म फुगलेला, त्यावर उपरणं दाबलेलं. शहापूरलाच निघाले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाय मला बघंल का रे?"

बघेल, म्हटलं.

आणि सगळ्यात जास्त राग मला त्याचाच आला. ती खरंच बघेल. दुखणार नाही, इतकं जपून बघेल.