आश्लेषाने नवऱ्याची नोकरी बदलली

आश्लेषा कदम मूळची कराडची. नवरा सर्वेश हवाई दलात वैमानिक, त्यामुळे लग्नानंतर त्याची बदली होईल ते तिचं गाव. चंदीगडला आल्यावर ती सेक्टर ३४ मधल्या एका कोचिंग क्लासमध्ये काउन्सेलर म्हणून लागली. काउन्सेलर हे आपलं म्हणायला. काम एकच, आईबापांना फोन करायचा आणि आमच्याकडे घातलं नाहीत तर पोराचं आयुष्य वाया जाईल हे गोड आवाजात पटवायचं. आश्लेषाचा आवाज गोड होता, पण मन तेवढं निबर नव्हतं. फोनवर एखादी आई रडवेली झाली की हिला त्या दिवशी जेवण जात नसे.

तरी तिने नेट धरला होता, कारण सीनियरची जागा तिलाच मिळणार असं सगळे म्हणत होते. त्या जागेवर फोन नसत, मुलांशी समोरासमोर बोलायचं असे. जागा रिकामी झाली आणि मिळाली ती नुकत्याच आलेल्या एका पोऱ्याला. क्लासचे मालक भल्ला सर होते, त्यांनी कारण लपवलं नाही.

"आप तो मेहमान हो, मॅडम. फौजी की वाइफ. आज यहाँ, कल कहीं और. आप पे कौन मेहनत करे?"

हे ते चहा पाजून, अगदी प्रेमाने म्हणाले. तेच तिला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला.

"पुढच्या नोकरीत तू हवाई दलात आहेस हे मी सांगणारच नाही," घरी येऊन तिने सर्वेशला बजावलं.

"मग मी करतो काय?"

"बघू. सुचेल काहीतरी."

सुचलं ते ऐन मुलाखतीत. कमी ऐकू येणाऱ्यांना यंत्रं बसवून देणारं परमिंदर कौर यांचं छोटंसं क्लिनिक होतं. त्यांना पेशंटची व्यवस्था पाहायला माणूस हवं होतं. परमिंदरजी साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी सहज विचारलं, "हजबंड क्या करते हैं?" आश्लेषाच्या तोंडून निघून गेलं, "सेक्टर ४३, बस अड्डे पे. बुकिंग में." बस अड्ड्यावरच्या माणसाची आसामला बदली होत नाही, एवढाच तिचा विचार. पुढचा विचार तिने केलाच नाही.

आणि तिथेच फसली. क्लिनिकमध्ये अर्धे पेशंट हिमाचलातून येत. महिनाभरात परमिंदरजी म्हणाल्या, "मंडीवाली माताजी को पहाड़ी रास्ते में चक्कर आते हैं. मिस्टर से कहकर आगे की सीट करवा दो, जी." हिला नाही म्हणता येईना. मग सुट्टीच्या दिवशी भल्या पहाटे स्क्वाड्रन लीडर सर्वेश कदम ४३च्या अड्ड्यावर मंडीच्या बसच्या पुढच्या सीटसाठी रांगेत उभे राहिले. पुढे एक बाबूजी रामपूरला निघाले, त्यांच्या मागून दोन मावश्या पालमपूरला.

"अगं, कंडक्टर मला आता नावाने ओळखतो," सर्वेश एकदा कुरकुरला. "खरं सांगून टाक की."

"सांगितलं की मी पुन्हा मेहमान."

तिची भीती खोटी नव्हती, कारण आता तिला हे काम मनापासून आवडायला लागलं होतं. परमिंदरजी कानाचा साचा घेत तेव्हा ती शेजारी उभी राहायची. आधी दिव्याने कान बघायचा, मग दोऱ्याला बांधलेला कापसाचा गोळा आत सरकवायचा, मग गुलाबी लगदा भरून थोडा वेळ थांबायचं. लगदा घट्ट झाला की कान जसाच्या तसा हातात यायचा. साचा नीट बसला नाही तर यंत्र शिट्ट्या मारतं आणि माणूस वैतागून ते कपाटात टाकून देतो. नीट बसला तर समोरच्या म्हातारीच्या चेहऱ्यावर नातवाचा आवाज पोचल्याचं दिसायचं. आश्लेषाला ते बघून रडू यायचं आणि ती ते लपवायचीही नाही.

हिवाळा सरता सरता परमिंदरजी म्हणाल्या, "सोमवार से साँचा तुम लेना. मैं सिखाऊँगी. टाइम लगेगा, पर तुम्हारा हाथ हल्का है."

याच वाक्यासाठी तिने क्लासमध्ये जीव टाकला होता. आता ते कानावर पडलं आणि तिला आपलं खोटं आठवलं. या बाईंनी आपल्यावर मेहनत घ्यायची, आणि ती खोट्याच्या भरवशावर? ते तिला जमेना. तिने दार लोटलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. नवरा अड्ड्यावर नाही, हवाई दलात आहे. सीटा तो रांगेत उभा राहून काढायचा. बदली पुढच्या वर्षी, कदाचित त्याआधीही. बोलून झाल्यावर तिने पर्स उचलून हातात धरली.

परमिंदरजींनी चष्मा काढून पुसला.

"झूठ मुझे अच्छा नहीं लगा," त्या म्हणाल्या. "दोबारा मत बोलना."

"जी."

"एक साल पक्का है?"

"पक्का तो नहीं. पर शायद."

"फिर सोमवार तक क्यों रुकें? टाइम कम है, आज से बैठो." त्यांनी हातमोज्यांचा डबा तिच्याकडे सरकवला. "अच्छे से सीख लो. जहाँ भी भेजेंगे, कान तो वहाँ भी होंगे."

आश्लेषाने पर्स खाली ठेवली. आजवर जो कुणी तिच्या बदलीचा विचार करी, तो तिला काही न देण्यासाठीच करी. बरोबर काय नेता येईल, याचा विचार करणारी बाई तिला पहिल्यांदाच भेटली होती. डोळे भरल्यामुळे तिला हातमोजे चढवता येईनात, तर परमिंदरजींनी ते ओढून नीट बसवले आणि बाहेरच्या पेशंटला आत बोलावलं.