आडवा येणारा क्लास

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर खोलीत तात्या वीस वर्षं बसले आणि निवृत्त होताना मागे एक क्लास ठेवून गेले. शिकवणीचा नव्हे हो, प्रोग्रॅममधला. पेशंटच्या डेटाबेसला हात लावायचा तर त्याच्यामार्फतच. जोडणी उघडणं, माहिती आणणं, बदलणं, जोडणी बंद करणं, सगळं त्यात एकदाच लिहिलेलं. बाकीच्या प्रोग्रॅमनी त्याला नुसती हाक मारायची.

त्यांच्या जागी एक तरुण मुलगी आली, सगळे तिला धाकटी म्हणत. तिच्या मात्र तो पहिल्या दिवसापासून डोक्यात गेला होता. जिथं तिथं मेला आडवा यायचा. अमुक भरा, तमुक सांगा. "म्हाताऱ्यानं काय कटकट लावून ठेवलीय," ती म्हणायची. येत्या शनिवारी त्याला काढून टाकायचं, असं तिनं ठरवूनही टाकलं होतं.

गुरुवारी सकाळी सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. सात नंबर खाटेवरच्या बाईंचा रक्तगट कॉम्प्युटरवर चुकीचा नोंदलाय, दुपारी ऑपरेशन आहे, आत्ताच्या आत्ता दुरुस्त करून हवा. धाकटीनं भराभर ओळ लिहिली, नवा रक्तगट घातला आणि बटण दाबलं.

पडद्यावर आलं, "कोणाचा ते सांगितलं नाहीत. बदल केलेला नाही."

तिनं ओळ पुन्हा वाचली आणि तिची पाचावर धारण बसली. पेशंटचा नंबर घालायचाच राहिला होता. नंबर नाही म्हणजे बदल सगळ्यांना लागू. चार हजार माणसं एका झटक्यात एकाच रक्तगटाची झाली असती, आणि त्यातली तिघं त्या वेळी ऑपरेशनच्या टेबलावर होती.

नंबर घालून, दोनदा तपासून तिनं सिस्टरना मोकळं केलं आणि थेट तात्यांना फोन लावला.

"तात्या, तुमच्या क्लासनं आज वाचवलं. फार उपकार झाले. आणि मी तुम्हाला काय काय बोललेय, ते विचारू नका."

"मीही स्वतःला कमी बोललो नाहीये," तात्या म्हणाले. "माझ्या हातून एकदा सगळ्या पेशंटच्या ॲलर्जीच्या नोंदी पुसल्या गेल्या. मला अडवायला कोणी नव्हतं. आठ दिवस कागदी फायली काढून एकेक परत भरली, बायको वाचून दाखवायची. नशीब, कुणाला काही झालं नाही. पण माझ्याच हातांची धास्ती बसली, म्हणून लिहिला तो."

"आता मलाही माझ्या हातांची भीती वाटतेय."



"मग झालीस तू तयार," तात्या म्हणाले.