पाकिटावरचे श्री. व सौ.

नावाआधी योग्य तो मान लावणं म्हणजे त्या माणसाच्या अवघ्या आयुष्याचा आदर करणं, असं बाबा म्हणत. लग्नाची पाकिटं मात्र ते मला लिहायला लावत, कारण त्यांचं अक्षर त्यांनाच लागत नसे.

बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, ठाण्याच्या एका हॉस्पिटलात आयसीयूत होते. आत्याला मूलबाळ नाही. बहीण कॉलेजची सगळी वर्षं तिच्याकडेच राहिलेली. पहिली हळद आत्यानेच लावायची, हे त्या दोघींनी कधीच ठरवून टाकलेलं. पण हळद सवाष्णीने लावायची असते. त्यामुळे आमच्या डोंबिवलीच्या घरातून काकांची तब्येत रोज फोनवर विचारली जायची, आणि चौकशी नेमकी कशाची चालली आहे, ते सगळ्यांना कळायचं.

आत्यासाठी बाबांनी मला दोन पाकिटं लिहायला सांगितली. एकावर ‘श्री. व सौ.’ आणि दोघांची नावं, दुसऱ्यावर ‘श्रीमती’ आणि तिचं एकटीचं.

"तिथे पोचल्यावर परिस्थिती बघ आणि त्याप्रमाणे दे."

इतक्या नेमक्या सूचना त्यांनी हॉल बुक करतानाही दिल्या नव्हत्या.

काका होते. आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलेल्या आत्याला मी पहिलं पाकीट दिलं. तिने नावं वाचली, कोपऱ्यावरच्या हळदकुंकवावरून बोट फिरवलं.

"आता दुसरं काढ."

"दुसरं कुठलं?"

"अरे, दादाला मी ओळखते. छत्री असताना रेनकोट घेऊन निघणारा माणूस तो. काढ."

मी काढलं. त्याला हळदकुंकू लावलेलं नव्हतं. बाबांनी तेवढंही पाहिलं होतं. आत्याने ते बराच वेळ वाचलं. वाचण्यासारखं फार नव्हतं.

"अक्षर छान आहे हो तुझं," ती म्हणाली आणि दोन्ही पाकिटं पर्समध्ये टाकली.

"हळदीला येशील ना, आत्या? ती वाट बघतेय."

"कुठलं पाकीट घेऊन येऊ, ते तुझ्या बाबांना विचार."

मी विचारलं. बाबांनी पंख्याचा वेग वाढवला.

हळदीच्या दिवशी बहीण पाटावर बसून दाराकडे बघत राहिली. आत्या आली नाही. भटजींची घाई सुरू झाली, तेव्हा पहिली हळद मावशीने लावली.

काका पुढे घरी आले. गेले ते दिवाळीनंतर.